कौसाबाईच्या दगडातला मोर

“...आणि एकदा दाखवलेलं परत न दाखवलेलं कसं करायचं, बाबा?”

लतीफबाबा मुशीत चांदीचे तुकडे टाकत होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

“बाबा, मी तुमच्याशी बोलतोय.”

“ऐकतोय की.”

“मग सांगा ना!”

“टाकणखार दे.”

श्रीरंगने टाकणखाराची डबी पुढे सरकवली. बाबांनी चिमूटभर मुशीत सोडला आणि कोळसे वर लोटले. खाली धरणाच्या फुगवट्यावर धुकं बसलं होतं. ऊन वर आलं तरी ते उठायचं नाव घेत नव्हतं. पाणी कुठे संपतं आणि आभाळ कुठे सुरू होतं, काही कळत नव्हतं.

“मी मुद्दाम नाही केलं,” श्रीरंग म्हणाला.

“मी कुठं म्हटलं?”

“मग बोलत का नाही माझ्याशी?”

“चांदी वितळू दे...”

आता हे लतीफबाबा म्हणजे फकीर. पाण्याच्या काठाला एक टेकाड, टेकाडावर फकिरांच्या वस्तीचा जुना तकिया, त्याला सोबत म्हणून एक कडुनिंब, आणि निंबाखाली पत्र्याची पडवी. त्या पडवीत बाबांची भट्टी. नमाज, भट्टी आणि चहा, याखेरीज या माणसाला चौथं काम नव्हतं. नदीकाठी मिळणारे अकीक कापायचे, घासायचे आणि हाताने घडवलेल्या चांदीच्या अंगठीत बसवायचे. अकीक म्हणजे वरून बघाल तर साधा गोटा, पायाखाली आला तर शिवी द्याल असा. पण कापला की आत काहीतरी निघतं. काळ्या बारीक रेघा, हिरवट शेवाळ, ढग... कोणी काढलं, कधी काढलं, देव जाणे. एका दगडातलं दुसऱ्यात कधी निघत नाही.

आणि श्रीरंग डहाळे म्हणजे शहरातल्या सराफ्यात नाव झालेला गडी. हात चांगला होता त्याचा, यात वादच नाही. पण नाव झालं होतं ते डोळ्यामुळे. गिऱ्हाइकापुढे खडा धरायचा आणि म्हणायचा, ही बघा सोंड, हा बघा सुळा, झाला गणपती! कोणाला गलबत, कोणाला घोडेस्वार, कोणाला तर चक्क दत्ताची गाय दाखवली पठ्ठ्याने. लोक तोंडात बोटं घालायचे. दगडात काय आहे ते श्रीरंगला विचारा, असं सगळा सराफा म्हणायचा. खरं सांगायचं तर श्रीरंगही तेच म्हणायचा.

बाबांकडे तो दगड कापायला शिकायला आला होता. शिकलाही भराभर. पण बाबांनी त्याच्या डोळ्याचं एकदाही कौतुक केलं नव्हतं आणि ते त्याला आतून टोचत होतं.

तोच डोळा आज सकाळी त्याच्या अंगाशी आला.

झालं असं. वरच्या माळावर नवं गाव आहे, तिथली कौसाबाई आली होती. तिचं मूळ गाव निंबगव्हाण. ते धरणाच्या पाण्याखाली गेलं, त्याला आता जमाना झाला. गाव सोडताना कोणी देव उचलले, कोणी जाती उचलली, कोणी दाराच्या चौकटी काढून गाडीत घातल्या. कौसाबाईने अकिकाची एक फुटकी गारगोटी उचलली, आतली नक्षी उघडी पडलेली. इतकी वर्षं ती तिने कमरेच्या पिशवीत जपली. आता हात कापायला लागले, पिशवी कुठेही विसरून राहायला लागली, म्हणून बाबांना म्हणाली, हिला अंगठीत बसवून द्या, म्हणजे डोळे मिटेस्तोवर अंगावर राहील.

बाबांनी फुटलेल्या बाजूची नक्षी राखून गारगोटी कापली, घासली, छान लांबट खडा केला. तो बघायला ती आली, तेव्हा बाबा खाली पाण्यावर हातपाय धुवायला गेले होते.

कौसाबाईने खडा तळहातावर घेतला. उजेडाकडे धरला. बघत राहिली... तिचे ओठ हलत होते. समोर कोणी बसलंय आणि ती त्याच्याशी हळूहळू बोलतेय, असं वाटत होतं.

श्रीरंगही बघत होता. आणि त्याच्या जिभेला खाज सुटली.

“आक्का, ओळखलंत का?”

“आँ?”

“मोर आहे, मोर! ही बघा मान. हा तुरा. आणि हा पिसारा, पार इथपर्यंत आलाय. काय नशीब काढलंत हो! असा मोर मी जन्मात पाहिला नाही.”

कौसाबाईने निरखून बघितलं.

“अगं बया... व्हय की! मोरच हाय की ह्यो!”

ती हसलीसुद्धा. श्रीरंगने मिशीवरून हात फिरवला.

मग ती पुन्हा बघायला लागली. खडा आडवा केला. उभा केला. पदराने पुसला. डोळे चोळले.

“आरं... पर माजी वेस कुटं गेली?”

“वेस?”

“हितं वेस व्हती. आत पार व्हता. आरं, हितं माजं गाव व्हतं रं!”

श्रीरंग म्हणाला, असेल, इथंच कुठेतरी असेल, नीट बघा. तिने नीट बघितलं. किती वेळ बघितलं...

“सगळीकडं मोरच दिसतुया,” ती म्हणाली.

खडा तिने पाटावर ठेवला, निजलेलं मूल खाली ठेवावं इतका हळू, आणि गुडघ्यावर हात देऊन उठली.

“ऱ्हाऊ द्या. मला नगं आता.”

बाबा वर आले तेव्हा ती टेकाड उतरून धुक्यात गेली होती.

चांदी वितळली. मुशीत तिचा गोल थरथरत होता. बाबांनी ती साच्यात ओतली. चांदीची लांबट कांडी झाली, लाल, मग करडी.

“तिला दिसत होतं ते तुला दिसलं होतं?” बाबांनी विचारलं.

“नाही.”

“तू काय दिलंस तिला?”

“मोर.”

“आणि घेतलंस काय?”

श्रीरंगने पाटावरचा खडा उचलला आणि परत ठेवला.

तो म्हणाला, “तुम्ही असता तर काय सांगितलं असतंत तिला?”

बाबांनी पितळेची फुंकणी उचलली आणि ओठांत धरली. श्रीरंगला वाटलं आता विस्तव फुलवतील. पण बाबांनी फुंकर मारली नाही. नुसते बसून राहिले. फुंकणी ओठांत, डोळे पाण्याकडे... बराच वेळ.

श्रीरंगने हे शंभरदा पाहिलं होतं. माणूस खडा बघायला वाकला की बाबांच्या तोंडात फुंकणी. भट्टी विझलेली असली तरी फुंकणी. म्हातारपण आहे, विसरतात, असं म्हणून तो मनातल्या मनात हसायचाही.

आज त्याला हसू आलं नाही. फुंकणी तोंडात असली की माणसाला बोलता येत नाही, एवढी साधी गोष्ट त्याच्या ध्यानात यायला एका म्हातारीला गाव गमवावं लागलं होतं.

“चुकलो मी, बाबा.”

बाबांनी फुंकणी खाली ठेवली.

“मी असं करतो,” श्रीरंग घाईने म्हणाला, “खडा अजून थोडा घासतो. तुरा घालवतो, मान घालवतो. मोर निघून गेला की तिला तिचं गाव दिसेल.”

“घास.”

“खरंच?”

“घास म्हटलं ना!”

श्रीरंग घासायच्या चाकापाशी बसला. कुरुंदाची पूड घेतली, पाण्याचा थेंब सोडला. खडा बोटांत धरला आणि तिथंच थांबला. ती काळी नक्षी कागदाहून पातळ असते. एखादा फेरा जास्त झाला की नक्षी गेली, हातात पांढरा गोटा राहिला.

“कुठून घासू?”

“मोर जिथं संपतो तिथून.”

श्रीरंगने खडा डोळ्याजवळ नेला. मान दिसली. मान खाली उतरून पिसाऱ्यात गेली. पिसाऱ्याच्या रेघा पसरत पसरत खाली गेल्या, तिथून बाजूच्या हिरवटीत शिरल्या, हिरवटीतून पुन्हा काळ्या होऊन वर आल्या...

“संपत नाही कुठेच,” तो म्हणाला.

“मग?”

श्रीरंगने खडा चाकापासून लांब ठेवला.

बाबांनी निंबाला टांगलेल्या दोऱ्याच्या रिळातून एक वीतभर दोरा तोडला आणि त्याच्या हातात दिला.

“कौसाबाईकडे जा. बोटाचं माप घेऊन ये.”

“पण तिला नको आहे अंगठी.”

“मी विचारलं का तुला, तिला हवी का नको? माप आण. आणि हे बघ... तिथं काही विचारायचं नाही, काही सांगायचं नाही.”

“माफीपण नाही मागायची?”

“आधीच फार बोललास सकाळपासून.”

नव्या गावात रस्ते सरळ होते. घरं सगळी एका आखणीची. एका घरातला माणूस चुकून दुसऱ्या घरात शिरला तर जेवून उठेपर्यंत कळू नये. कौसाबाई ओट्यावर बसून सुपात तूर निवडत होती. श्रीरंगला बघून तिने सूप थांबवलं.

“काय रं?”

श्रीरंगने दोरा दाखवला.

“म्या नगं म्हणलं ना बाबाला?”

श्रीरंग तिच्यासमोर खाली बसला आणि तसाच बसून राहिला. दोरा हातात.

“मुका झाला का काय? सकाळी तर लई चुरूचुरू बोलत व्हतास.”

त्याने दोरा तसाच पुढे धरला. शेवटी तिलाच दया आली असावी. तिने हात पुढे केला. बोटं सुकलेली, पेरं सुजलेली. अंगठी पेरावरून जायला हवी, म्हणून श्रीरंगने दोरा पेराभोवती गुंडाळायला घेतला.

आणि न बोलणाऱ्या माणसापुढे जे होतं तेच झालं. कौसाबाई बोलायला लागली.

“रोज सकाळी जायची म्या,” ती म्हणाली. “तांब्यात पानी घ्यायचं, गारगोटी बुडवायची, उजेडाकडं धरायची. की आलं गाव. वरची काळी रेघ हाय ना, ती वेस. आत गेलं की पार. पाराच्या खाली पायऱ्या, पायऱ्यांनी नदीवर. आन् नदीच्या वरच्या अंगाला येकली चिंच...”

तिने मोकळ्या हाताने सुपातली तूर सारखी केली.

“चिंचंखाली माजी बनू हाय.”

माळावरून वारा आला. सुपातली टरफलं ओट्यावर उडाली.

“पहिली लेक. पाळण्यातच गेली. ताप आला न् गेली. ल्हान लेकराला जाळत न्हाईत. मालकांनी चिंचंखाली खड्डा केला, वर धोंडं रचलं, कोल्ह्यानं उकरू नये म्हणून. पुढं पोरं झाली मला. त्यांची लगनं झाली, नातवंडं झाली. पर ती तितंच ऱ्हायली ना... पानी चढाया लागलं तवा ज्यानं त्यानं आपापलं उचललं. तिला म्या कशी उचलू?”

श्रीरंगच्या हातातला दोरा सैल पडला. त्याने तो पुन्हा गुंडाळला.

“ती गारगोटी चिंचंच्या बुडाशीच गावली व्हती. म्हणून रोज जायची. वेशीतनं आत, पारावरनं खाली, चिंचंपाशी बसायचं, लेकीशी दोन शब्द बोलायचं न् माघारी. घरात कुणाला सांगितलं न्हाई. म्हणतील म्हातारी बहकली.”

ती हसली आणि लगेच तिचे डोळे भरून आले.

“आता वेशीपाशी गेलं की त्यो मोर. निस्ता मोर! आत जाऊच देत न्हाई बग मला.”

श्रीरंगने दोऱ्याला गाठ मारली. त्याला स्वतःची इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. दत्ताची गाय, गलबत, घोडेस्वार... कोणाकोणाच्या दगडात काय काय घुसवलं असेल आपण, कोणाच्या कुठल्या वाटा बंद केल्या असतील. त्याने वाकून तिच्या पायांना हात लावला आणि निघाला.

“माप आणलंस?” बाबांनी विचारलं.

“आणलं.”

“मग घडव.”

आणि श्रीरंग अंगठी घडवायला बसला. कांडी ऐरणीवर ठोकून पट्टी केली. पट्टी तापवायची, ठोकायची, पुन्हा तापवायची. घाई केली की चांदी तडकते, म्हणून घाई करायची नाही. दोऱ्याच्या मापाने वळवली, टोकं जुळवली, डाग देऊन सांधली. खड्यासाठी वर पातळ पत्र्याचं घर केलं. सराफ्यात खड्याच्या पाठीला चांदी लावून बंद करतात. त्याने पाठ उघडी ठेवली. उजेडाकडे धरल्यावर आरपार दिसलं पाहिजे.

ते दिवसही कसले होते! सकाळचं धुकं दुपारी विरायचं आणि दुपारची सुस्ती संध्याकाळपर्यंत रेंगाळायची. पाण्यात लांब पायांचे पक्षी उभे असायचे, हलायचे नाहीत. बाबा निंबाला टेकून डोळे मिटायचे. ते झोपलेत की जप करताहेत, हे विचारायची सोय नव्हती.

अशाच एका दुपारी श्रीरंगने खडा घरात बसवून बघितला. अजून कडा दाबल्या नव्हत्या. अंगठी उजेडाकडे धरली आणि कधी त्याचा डोळा लागला, त्याला कळलं नाही.

समोर वेस होती. जुनी, दगडी, वरून गवत उगवलेली. तो आत गेला. कोणी अडवलं नाही. बायका डोक्यावर घागरी घेऊन चालल्या होत्या, त्यांच्या पायांचा आवाज होत नव्हता. पारावर कोणीतरी तंबाखू मळत होतं. त्याने वर बघितलं आणि पुन्हा मळायला लागलं, जसा काही श्रीरंग रोजच इथून जातो. पायऱ्या उतरल्या. खाली नदी, आणि नदीच्या वर चिंच. चिंचेखाली रचलेले धोंडे. तिथं जायचा धीर त्याला झाला नाही. लांबच उभा राहिला...

जागा झाला तेव्हा अंगठी हातातच होती. त्याने खड्यात बघितलं.

वेस. पार. पायऱ्या. चिंच.

मोर कुठेच नव्हता.

“बाबा!” तो ओरडला. “बाबा, दिसलं! गाव दिसलं! सगळं आहे, तसंच्या तसं आहे. ही बघा वेस!”

बाबांनी एक डोळा उघडला.

“कडा दाब. खडा पडेल.”

श्रीरंगने कडा दाबल्या, एका अंगाने नव्हे, समोरासमोर, थोड्या थोड्या, म्हणजे खडा तडकत नाही. रिठ्याच्या पाण्यात अंगठी धुतली, ब्रशाने घासली, ओप देऊन चमकवली. हात चालत होते आणि मन आनंदाने नाचत होतं. आता फक्त कौसाबाई यायची खोटी होती. तिला नुसतं बोटाने दाखवायचं, इथून आत जा, इथून उतरा. संपलं! फेडलं आपण!

बाबांनी तिला निरोप पाठवला. निरोप असा होता, की अंगठी तयार आहे. नको असेल तर येऊन आपल्या हाताने पाण्यात सोड.

गुरुवारी सकाळी कौसाबाई आली. धुकं होतंच. तकियाच्या पायरीला हात लावून ती पडवीत आली आणि उभीच राहिली.

“सोडायलाच आले, बाबा,” ती म्हणाली. “रातभर इचार केला. मला तर तिच्याकडं जाता येत न्हाई. निदान दगड तरी जाऊ दे तिच्यापाशी.”

“जशी तुझी मर्जी, माय.”

बाबांनी अंगठी तिच्या तळहातावर ठेवली.

“ग्वाड झालीय,” ती म्हणाली. ती अंगठी तिने उजेडाकडे धरली. श्रीरंग तिच्या चेहऱ्याकडे बघत होता.

तिने हात खाली घेतला.

“मोरच हाय,” ती म्हणाली, आणि मूठ मिटून पाण्याकडे वळली.

पाणी होतं खाली दहा पावलांवर. एकदा का अंगठी त्यात गेली की संपलं. गाव एकदा बुडालं होतंच, ते आता दुसऱ्यांदा बुडणार होतं आणि श्रीरंगच्या देखत.

“आक्का, थांबा!” तो उठून धावला. “मला सापडलंय! मी दाखवतो तुम्हाला. ही बघा वेस, इथून आत...”

पुढे बोलताच आलं नाही त्याला. बाबांनी त्याच्या तोंडावर हात दाबून धरला होता. म्हातारा माणूस, पण ऐरणीवरचा हात. कोळशाने काळा झालेला.

श्रीरंग धडपडला. त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. अहो, खरं आहे हे या वेळी, तिचंच आहे हे, सांगू द्या की मला... असं सगळं त्याच्या डोळ्यांत होतं. बाबांनी हात काढला नाही.

कौसाबाई वळून दोघांकडे बघत होती.

“टाक, माय, खुशाल टाक,” बाबा म्हणाले. “पण टाकायच्या आधी मला एक सांग. हा मोर बसलाय कशावर?”

“आँ?”

“नाही, अधांतरी तर नसेल ना बसला.”

“काय तरीच बाबा तुमचं...” ती वैतागून म्हणाली. पण मूठ उघडली. अंगठी वर धरली.

बघितलं.

पाण्यावर कुठेतरी एक पक्षी बोलला आणि गप्प झाला.

ती बघतच राहिली. श्रीरंगने धडपड थांबवली. धुक्यातून उजेड येत होता, पांढरा, ओलसर, आणि त्या उजेडात म्हातारी अंगठी हळूहळू फिरवत होती...

तिचे ओठ हलायला लागले.

“फांदीवर,” ती पुटपुटली. “वाकलीय ती फांदी... खालच्या अंगाला... आगं बया! चिंचंवर बसलाय मेला! आमच्या चिंचंवर!”

तिने अंगठी आणखी जवळ घेतली.

“ही चिंच, म्हंजी ह्या पायऱ्या... ह्यो पार... आन् ही काय वेस. हितंच तर हाय की!”

ती मटकन खाली बसली. हसत होती, रडत होती, पदराने नाक पुसत होती, आणि त्यातच अंगठी तोंडाजवळ नेऊन अगदी दबक्या आवाजात बोलत होती.

“ए मोरा... बस बाबा, बस तितं. पर वरडू नगं हां. लेकरू निजलंय खाली.”



मग तिने आपल्या हाताने अंगठी बोटात घातली. पेरापाशी जरा अडली आणि मग गेली. उठली, टेकाड उतरायला लागली. निरोप घ्यायचं तिला भान नव्हतं. हात डोळ्यांपुढे धरून, ठेचकाळत, काहीबाही बोलत ती धुक्यात चालली होती. दिसेनाशी झाली तरी तिचं बोलणं ऐकू येत होतं.

बाबांनी हात काढला. श्रीरंगच्या तोंडावर पाचही बोटं काळी उमटली होती.

त्याने ती पुसली नाहीत. मग येऊन बाबांच्या पायाशी बसला.

“बाबा...”

“हं.”

“मोर चिंचेवर बसलाय, हे तुम्हाला कधी दिसलं?”

“मला?” लतीफबाबा म्हणाले. “मला आजवर एकाही दगडात काही दिसलेलं नाही, बेटा. म्हणून तर लोक आपापले दगड घेऊन माझ्याकडे येतात.”